विलायती फटफटी आणि देशी मिस्तरी

मराठीत यंत्रांची नावे बहुधा दोन वाटांनी आली. एक तर पंडितांनी ती संस्कृतातून घडविली, नाही तर साहेबाच्या तोंडचा शब्द लोकांनी आपल्या जिभेला रुळेल असा वळवून घेतला. मोटारसायकलीच्या बाबतीत मात्र लोकांनी तिसरीच वाट धरली. त्यांनी पंडिताला विचारले नाही की साहेबाला विचारले नाही. यंत्र स्वतः काय बोलते ते ऐकले आणि त्याला ‘फटफटी’ म्हटले. सरकारी कागदांत आज ‘दुचाकी वाहन’ असे लिहितात. ते बरोबरही आहे, पण त्या नावाने सायकलही चालते आणि स्कूटरही चालते. फटफटी म्हटले की एकच यंत्र डोळ्यांपुढे, किंबहुना कानांपुढे, उभे राहते. आणि ते बहुतेक विलायती असते.

या मालेत इतिहास, साहित्य, अर्थकारण यांवर बोलण्याची प्रथा आहे. जुन्या इंग्रजी मोटारसायकलींसाठी एक संध्याकाळ खर्च करावी काय, असे कोणी विचारील. आमचा या यंत्रांवर लोभ आहे, हे आधीच सांगून टाकतो. परंतु लोभ आंधळा असू नये, एवढे पथ्य आम्ही पाळणार आहो. ही यंत्रे तेल गाळीत, कंपाने दातांना झिणझिण्या आणीत आणि पावसात रुसून बसत. तरीही जिथे ती जन्मली तिथले कारखाने बंद पडल्यावर ती आपल्याकडे, सातारा-सांगलीसारख्या गावांत, पन्नास-साठ वर्षे धावत राहिली. हे का घडले, हा खरा प्रश्न आहे.

आधी त्या आवाजाचेच पाहू. या यंत्रांपैकी बहुतेकांत एकच सिलिंडर असे, आणि त्यातला पिस्टन लांब पल्ल्याने खालीवर होई. आपल्या ओळखीची बुलेट घ्या. तिच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनचा पल्ला ९० मिलिमीटर. त्यातून ३४६ सीसी हा आकडा येतो. पिस्टन खाली येताना पेट्रोल-हवेचे मिश्रण आत ओढतो, वर जाताना ते दाबतो, ठिणगी पडताच स्फोटाने खाली ढकलला जातो आणि पुन्हा वर येताना जळका वायू बाहेर लोटतो. म्हणजे चार हालचालींत, चाकाच्या दोन फेऱ्यांत, काम एकदाच होते. बाकीच्या तीन हालचाली जड गतिचक्राच्या पुण्याईवर पार पडतात. यंत्र जागेवर सावकाश फिरत असेल तर मिनिटाला आठशे फेरे धरा. स्फोट होतात चारशे, म्हणजे सेकंदाला सहा किंवा सात. माणसाच्या कानाला सेकंदाला वीसपर्यंतचे ठोके सुटे सुटे ऐकू येतात. त्यापुढे ते एकमेकांत मिसळून सूर होतो. चार सिलिंडरांचे जपानी यंत्र मिनिटाला आठ हजार फेऱ्यांनी पळते, तेव्हा सेकंदाला अडीचशेहून अधिक स्फोट होतात आणि आपल्याला ऐकू येते ती नुसती किंकाळी. फटफटी फटफटते, याचे कारण हे साधे अंकगणित आहे.

कृष्णाकाठच्या माणसाला हा आवाज परका वाटला नाही, याचेही कारण उघड आहे. मळ्यातल्या विहिरीवरचे ऑइल इंजिन त्याच कुळातले. एक सिलिंडर, जड चाक, संथ ठोका. सातारा रोडच्या कूपर कारखान्याची इंजिने आणि पुण्याच्या किर्लोस्करांची इंजिने या भागातल्या शेतकऱ्याने हाताने फिरवून सुरू केली, उघडली आणि जोडली. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही आणि फटफटीला लागते, हा फरक लहान नव्हे; पण झडपा, रिंगा, बुश आणि क्रँक ही मंडळी दोन्हींकडे तीच. ज्याने पंपाचे इंजिन उतरविले आहे त्याला बुलेट उतरविण्याचे भय वाटत नसे.

ही फटफटी सुरू करणे हासुद्धा एक संस्कारच होता. आज अंगठ्याने बटण दाबले की काम झाले. बुलेटला प्रथम पेट्रोलचा कॉक उघडायचा. मग डाव्या मुठीजवळची डिकॉम्प्रेसरची लहान पट्टी ओढून सिलिंडरातला दाब सोडायचा आणि किक हळूहळू खाली न्यायची. डोळा ॲमीटरच्या सुईवर. पॉइंट मिटलेले असतात तोवर बॅटरीतून प्रवाह जात असतो आणि सुई एका बाजूला झुकलेली असते. पॉइंट उघडले की ती मध्यावर येते. म्हणजे पिस्टन दाबाच्या फेऱ्यात माथ्याशी आला. तिथून किक किंचित पुढे न्यायची, पट्टी सोडायची, किक पुन्हा वर आणायची आणि मग अंगाचा भार टाकून एक पूर्ण लाथ. हे क्रमाने केले तर किडकिडीत माणसाच्याही एका लाथेत यंत्र बोलते. क्रम चुकला तर पहिलवानाचीही नडगी सोलून निघते. यात गंमत अशी की सुरू करणाऱ्याला दर सकाळी आपल्या यंत्राच्या पोटात पिस्टन कुठे उभा आहे हे माहीत करून घ्यावे लागे. मालक आणि यंत्र यांच्यात अशी ओळख आता राहिली नाही. आमचा लोभ मुख्यतः याच ओळखीवर आहे. टाकीवरच्या सोनेरी रेघांवर तो त्या मानाने कमी.

आता ही यंत्रे आली कोठून? इंग्लंडच्या मध्यभागी बर्मिंगहॅमच्या आसपास लहानमोठी कारखानदार गावे आहेत. त्यांपैकी रेडिच हे गाव शिवणाच्या सुयांसाठी प्रसिद्ध होते. तिथल्या सुया करणाऱ्या एका कारखान्याने सायकलींचे भाग करावयास घेतले, पुढे सायकली केल्या, एनफिल्डच्या सरकारी शस्त्रकारखान्याला बंदुकीचे सुटे भाग पुरविले, आणि १९०१ साली मोटारसायकल काढली. हीच रॉयल एनफिल्ड. तोफेचे चिन्ह आणि तोफेसारखी घडविल्याचा डौल तिने मिरविला तो यामुळे. बी. एस. ए. या अक्षरांचा अर्थच मुळी ‘बर्मिंगहॅमची लहान शस्त्रे’ असा. १८६१ साली तिथल्या बंदूकवाल्यांनी एकत्र येऊन ती कंपनी काढली, आणि एकमेकींना टेकून उभ्या केलेल्या तीन बंदुका हे तिचे चिन्ह. कॉव्हेंट्रीची ट्रायम्फ काढली ती सीगफ्रीड बेटमान या न्यूरेंबर्गहून आलेल्या जर्मन गृहस्थाने, आणि तीही आधी सायकलींसाठी. नॉर्टनचा जेम्स नॉर्टन सायकलधंद्याला सुटे भाग पुरवीत असे.

थोडक्यात, सायकल ही या सर्वांची आई. आणि इथे आपल्याला आपल्याच मुलखातील एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बंधूंसह बेळगावात सायकलींचे दुकान काढले. त्या दुकानातून कडबा कापण्याचे यंत्र आले, लोखंडी नांगर आला, आणि १९१० साली औंध संस्थानातील कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. ती वाडी पुढे दक्षिण साताऱ्यात आणि १९६० साली त्या जिल्ह्याचे नाव बदलल्यावर सांगली जिल्ह्यात मोडू लागली. रेडिच आणि बेळगाव, दोन्हीकडे आरंभ सायकलीपासून. तिकडे सायकलीला इंजिन बसले, इकडे सायकलवाल्याने शेतकऱ्याच्या हाती नांगर दिला. ज्याची निकड त्याप्रमाणे माणूस यंत्र घडवतो. मात्र वाडीने या भागाला नांगरांइतकीच आणखी एक मोठी देणगी दिली. ओतकाम, लेथ, फिटिंग यांत तरबेज झालेली माणसे तिने तयार केली. त्यांच्या आणि सातारा रोडच्या कामगारांच्या हाताखाली शिकलेल्यांनी गावोगाव लहान वर्कशॉप काढले. फटफटीची कथा पुढे या वर्कशॉपांत येऊन मिळते, म्हणून हे आधी सांगून ठेवले.

विलायतेत या यंत्रांचे खरे वैभवाचे दिवस म्हणजे १९३० ते १९६० ही तीस वर्षे. ब्रुकलँड्सच्या शर्यतमार्गावर ताशी शंभर मैलांच्या वेगाने एक फेरी पुरी करणाऱ्यास सोन्याचा लहान तारा मिळत असे. १९३७ साली वॉल्टर हँडली याने बी. एस. ए.वर तो मिळविला आणि कंपनीने पुढल्या वर्षीच्या गाडीचे नावच ‘गोल्ड स्टार’ ठेवले. त्याच १९३७ साली एडवर्ड टर्नरची ‘स्पीड ट्विन’ ट्रायम्फने विक्रीस आणली. दोन सिलिंडर शेजारी शेजारी, आणि आकार मात्र एका सिलिंडरच्या गाडीएवढाच आटोपशीर. पुढली तीस वर्षे सगळ्या इंग्रज कारखान्यांनी तिचीच नक्कल केली. व्हिन्सेंटची ९९८ सीसीची ‘ब्लॅक शॅडो’ ही तर काळ्या रंगाची राणीच. तिच्या वेगमापकावर ताशी दीडशे मैलांपर्यंत आकडे होते, आणि ते शोभेपुरते नव्हते. १९४८ साली अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर रॉली फ्री हा इसम पोहण्याची चड्डी एवढ्याच वस्त्रानिशी व्हिन्सेंटवर पालथा झोपला आणि दीडशे मैलांचा आकडा त्याने ओलांडला. वारा अडू नये म्हणून कपडे काढले होते. यंत्रप्रेम माणसाला कुठवर नेते याचा हा नमुना आहे. अनुकरणाची शिफारस आम्ही करीत नाही.

दुसरे उदाहरण गंभीर आहे. अरबस्तानातील कामगिरीने गाजलेले कर्नल लॉरेन्स हे ब्रफ सुपीरिअर या नॉटिंगहॅमच्या गाडीचे निस्सीम भक्त. हे गृहस्थ १९२७ ते १९२९ या काळात साधे विमानदल-सैनिक म्हणून कराची व मिरानशाह येथेही होते. १९३५ च्या मे महिन्यात दोन सायकलस्वार मुलांना चुकविताना ते ब्रफवरून फेकले गेले आणि डोक्याच्या जखमेने वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. त्यांनी नंतर लष्करी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास करून १९४१ साली शिरस्त्राणाची आवश्यकता मांडली. पुणे-बंगळूर रस्त्यावर हेल्मेट हँडलला लटकावून जाणाऱ्या आमच्या तरुण मित्रांनी हे ध्यानी घ्यावे.

दुसऱ्या महायुद्धाने या यंत्रांना जगभर नेले. बी. एस. ए.ची एम-२० ही ५०० सीसीची मंद पण चिवट गाडी सव्वा लाखाच्या आसपास निघाली. नॉर्टनची १६-एच आणि मॅचलेसची जी-३-एल याही लष्करी. वेग यांत नव्हता; चिखलातून, वाळूतून, कमी प्रतीच्या पेट्रोलवर चालणे आणि रस्त्याकडेला साध्या हत्यारांनी दुरुस्त होणे, एवढेच त्यांच्याकडून मागितले होते. युद्ध संपल्यावर लष्कराने नको असलेला माल लिलावात काढला. ‘डिस्पोझलचा माल’ हा शब्द वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपण ऐकला असेल. त्या मालात जीप होत्या, ट्रक होते, तंबू होते आणि खाकी रंगाच्या फटफट्याही होत्या. सैनिकांचा जिल्हा म्हणून साताऱ्याची ख्याती. लष्करात ही यंत्रे हाताळलेली माणसे घरी परतली तेव्हा यंत्राची ओळखही त्यांच्याबरोबर गावात आली.

स्वातंत्र्यानंतर परदेशी माल आणण्यावर निर्बंध आले आणि नवी विलायती गाडी मिळणे दुर्घट झाले. तेव्हाच सरहद्दीवरील गस्तीसाठी सरकारने रेडिचची ३५० सीसीची बुलेट निवडली. १९५५ साली मद्रास मोटर्स आणि रेडिचची कंपनी यांनी मिळून ‘एनफिल्ड इंडिया’ स्थापली. आरंभी सुटे भाग विलायतेहून येत आणि मद्रासजवळ तिरुवोत्तियूर येथे जोडले जात. पुढे साचे आणि हत्यारेही आली आणि भाग इथेच होऊ लागले. इकडे गाडीचे रूप जवळजवळ तसेच राहिले. उजव्या पायाने गिअर, डाव्याने ब्रेक, पहिला गिअर वर आणि उरलेले तीन खाली, शिवाय न्यूट्रल एकदम सापडावे म्हणून वेगळी पट्टी. हा उलटा संसार शिकलेल्या माणसाला दुसऱ्या कोणत्याही गाडीवर बसले की संकटसमयी ब्रेकऐवजी गिअर दाबण्याचा धोका असे. जुन्या बुलेटवाल्यांनी आपली गाडी दुसऱ्याला न देण्याचे एक कारण कंजूषपणा असेल, पण दुसरे कारण हे होते.

तिकडे इंग्लंडात काय चालले होते? १९५९ साली होंडा नावाच्या जपानी कंपनीचे स्वार आयल ऑफ मॅनच्या शर्यतीत प्रथमच उतरले. १९६१ साली त्यांच्याच गाड्यांवर माइक हेलवुडने दोन शर्यती जिंकल्या. इंग्रज कारखानदार म्हणत, जपान्यांना लहान गाड्या करू द्या, मोठ्या गाड्यांचे गिऱ्हाईक आपले आहे. १९६९ साली होंडाची ७५० सीसीची चार सिलिंडरांची गाडी बाजारात आली. बटणाने सुरू होणारी, पुढे डिस्क ब्रेक असलेली आणि खाली तेलाचा थेंब न टाकणारी. इंग्रजी यंत्राची पेटी दोन उभ्या अर्धकांची असे, शेंग मधोमध चिरावी तशी. त्यामुळे सांधा थेट तेलातून जाई. शिवाय इंजिन, चेनपेटी, गिअरपेटी यांचे सांधे वेगवेगळे. झिजलेल्या जुन्या यंत्रांवर कापलेल्या पृष्ठभागांमध्ये कागदी पॅकिंग घालून तेल थांबविण्याची अपेक्षा करणे म्हणजे चाळणीला लिंपण देणे. जपान्यांनी पेटी आडवी विभागली. सांधा तेलाच्या पातळीच्या वर गेला. युक्ती साधी होती. नवी यंत्रसामग्री घेण्यासाठी मात्र पैसा घालावा लागला असता, आणि इंग्रज संचालकांनी तो वेळेवर घातला नाही.

मग पडझड झपाट्याने झाली. व्हिन्सेंट तर १९५५ सालीच थांबली होती. रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद झाला, आणि १९७० पर्यंत रॉयल एनफिल्डचे इंग्लंडातील उत्पादन संपले. पन्नाशीच्या दशकात जगातील सर्वांत मोठा मोटारसायकल-कारखाना म्हणवून घेणारी बी. एस. ए. १९७३ साली दुसऱ्याच्या पदरी गेली. ट्रायम्फच्या कामगारांनी मेरिडनचा कारखाना अडवून धरला, स्वतःची सहकारी संस्था काढून चालविला, आणि १९८३ साली तोही मिटला. सहकाराची परंपरा असलेल्या आपल्या जिल्ह्यांना हा प्रयत्न जवळचा वाटेल. भांडवल आणि नवी रचना यांवाचून नुसत्या निष्ठेने कारखाना किती दिवस चालतो, हेही त्यातून दिसते. आणि १९७७ साली मद्रासची बुलेट इंग्लंडास निर्यात होऊ लागली. गिऱ्हाईक इंग्रज होते, आणि त्यांना जुनीच गाडी नवी करकरीत हवी होती.

आपल्याकडे ती टिकली याला आयातबंदी हे एक कारण आहेच. पर्याय नव्हता तेव्हा लोकांनी असलेले जपले. पण नुसत्या नाइलाजाने यंत्र चालत नाही, त्याला हात लागतात. विलायतेहून भाग येत नव्हते तेव्हा गावचा लेथवाला गनमेटलचा बुश कातून देई, ओतकामवाला जुन्या भागावरून साचा करून नवा भाग ओती, सिलिंडर बोअर करून पुढच्या मापाचा पिस्टन बसविला जाई. आटे हा तर स्वतंत्र विषय आहे. जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ साली इंग्लंडातील आट्यांचे प्रमाण ठरविले, त्याचा कोन ५५ अंश. आजच्या मेट्रिक आट्याचा ६० अंश. शिवाय व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा नटाच्या तोंडाचा नसून बोल्टच्या जाडीचा. म्हणून जुन्या गाडीवर मेट्रिक पाना ‘जवळपास बसतो’ म्हणून जो चालवितो तो नटाचे कोपरे मारतो. जुन्या मिस्तरीच्या पेटीत इंची पान्यांचा वेगळा जुडगा असतो, तो यासाठी. एखादा मिस्तरी जाणता आहे की नाही हे ओळखायचे असेल तर त्याच्या बोलण्याआधी त्याचे पाने पाहावेत.

या यंत्रांची मापेसुद्धा बोटांना आणि कानांना सोपवलेली होती. लोखंडी इंजिनाच्या बुलेटचा टॅपेट जुळविताना इंजिन थंड पाहिजे, आणि पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरली पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. यासाठी पट्टी लागत नाही, बोट लागते. मिरजेचा सतार करणारा कारागीर घोडीवर जवारी लावताना तारेचा झणकार ऐकून कानस किती फिरवायची ते ठरवितो. टॅपेटचा ‘टिकटिक’ आणि बिगएंडचा ‘ठकठक’ यांतला फरक ओळखणारा मिस्तरी त्याच जातीचा. पहिला आवाज पाच मिनिटांचे काम सांगतो, दुसरा सारे इंजिन उतरवा असे बजावतो. हे ज्ञान पुस्तकातून नव्हे, उस्तादाशेजारी उकिडवे बसून मिळत आले. मॅग्नेटोच्या गुंडाळ्यांवर इंग्रजांनी लाखेचा लेप दिलेला असे. लाख आपल्याच देशची. उन्हाने आणि इंजिनाच्या उष्णतेने ती मऊ होऊन चिकटे, गाडी थंड असता सुरू होई आणि तापली की बंद पडे. वैशाखात यवतेश्वराचा घाट चढताना अशी गाडी मधेच का थांबते, हे मिस्तरीला ठाऊक असे. मालक उगाच कार्ब्युरेटर साफ करीत बसे.

सांगलीकरांना पुराचा अनुभव सांगायला नको. २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णेचे पाणी घराघरांत शिरले तेव्हा असंख्य दुचाक्या बुडाल्या. पाण्यात राहिलेल्या जुन्या फटफटीचे काय करावयाचे ते ठरलेले आहे. किक मारायची नाही. ताकासारखे दुधाळ झालेले तेल सोडायचे, प्लग काढायचा, सिलिंडरात थोडे तेल घालून हाताने फिरवून पाहायचे, टाकी व कार्ब्युरेटर धुवायचे, पॉइंट पुसायचे, गुंडाळ्या उन्हात वाळवायच्या, बेअरिंगांतला गाळ काढायचा. काम आठवड्याचे, पण प्रत्येक पायरी माणसाच्या आवाक्यातली. आजच्या यंत्रात बंद डब्यातले विद्युत्-नियंत्रण बिघडले तर मिस्तरी डबा उघडत नाही, बदलतो. नवे यंत्र वाईट, असे आम्ही म्हणत नाही. ते कमी धूर सोडते, कमी पेट्रोल पिते आणि त्याचे ब्रेक खरोखर लागतात. जुने लोखंडी इंजिन २०१० च्या सुमारास बंद झाले ते धुराच्या नव्या मर्यादांमुळे, आणि तो निर्णय योग्यच होता. पण उघडता येणे हाही यंत्राचा एक गुण आहे, आणि तो हिशेबात धरला जात नाही.

आज त्या जुन्या नावांची स्थिती पाहिली तर इतिहासाची चेष्टा वाटावी. रॉयल एनफिल्ड १९९४ पासून आयशर या भारतीय कंपनीकडे आहे. बी. एस. ए.चे नाव २०१६ साली महिंद्रांच्या क्लासिक लीजंड्सने घेतले आणि २०२४ साली नवी गोल्ड स्टार भारतात विक्रीस आणली. नॉर्टन २०२० साली टी. व्ही. एस.ने विकत घेतली. ट्रायम्फ इंग्लंडात नव्या मालकाकडे पुन्हा उभी राहिली, पण तिची ४०० सीसीची गाडी २०२३ पासून बजाजच्या चाकणच्या कारखान्यात होते. ज्या साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना १९७५ नंतर निघाला आणि इटालियन घाटणीची ‘प्रिया’ घडत होती, तिथून चाकण काही तासांच्या वाटेवर. साहेबाची नावे आपण घेतली याचा अभिमान काहींना वाटतो. वाटो. नाव विकत घेता येते. नावामागचे ज्ञान त्या व्यवहारात येत नाही. ते आपल्या वर्कशॉपांत होते आणि अजून थोडे आहे.

आता उरलेल्या यंत्रांचे काय? २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी वा मोटार ‘व्ही ए’ या खास अक्षरांनी नोंदविता येते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, ती दहा वर्षे चालते आणि नूतनीकरणास पाच हजार. पण अशी गाडी रोजच्या वा व्यापारी वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती, पेट्रोल अशा कामांसाठीच बाहेर काढावयाची. संग्राहकांची यात सोय आहे. ज्याच्या आजोबांची मॅचलेस अजून आठवड्यातून एकदा बाजारास जाते, त्याने मात्र अर्ज भरण्यापूर्वी हे कलम नीट वाचावे, आणि नेहमीच्या नोंदणीचे नूतनीकरण होत असेल तर तेच करून घ्यावे. गाडी घेणाऱ्याने टाकीवरचा रंग पाहण्यापूर्वी इंजिनावरचा व सांगाड्यावरचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहावा. क्रमांकाच्या जागी कानस फिरलेली दिसली तर किंमत कितीही कमी असो, नमस्कार करून परत यावे.

आणि ज्यांना या यंत्रांची हौस आहे त्यांना आमचे एक मागणे आहे. सायलेन्सर फोडून आळीत बॉम्ब वाजविण्याने फटफटीचा मान वाढत नाही. तिचा मूळ आवाज त्याहून खाली आणि भारदस्त होता. सर्व भागांवर क्रोमचा मुलामा चढविण्यात जे हजारो रुपये जातात, त्यांतले थोडे एका वहीवर खर्च व्हावेत. साताऱ्यात आणि सांगलीत व्हिटवर्थ पाने बाळगणारे मिस्तरी आता साठी-सत्तरीत आहेत आणि त्यांची मुले बहुधा दुसऱ्या धंद्यात गेली. इंजिन उतरेल तेव्हा मालकाने शेजारी बसावे. कोणता बुश किती मापाचा कातला, कोणत्या गाडीचा पिस्टन कोणत्या गाडीला चालला, पॉइंटची फट किती ठेवली, मॅग्नेटो कसा गुंडाळला, हे मिस्तरीच्या शब्दांत, त्याच्या नावानिशी आणि तारखेनिशी लिहून घ्यावे. कार्यवाहांना आम्ही विनंती केली आहे की अशा वह्यांच्या प्रती कोणी आणून दिल्या तर ग्रंथालयाने त्या ठेवून घ्याव्यात. त्यांनी कपाटाचा एक कप्पा द्यावयाचे मान्य केले आहे.